रोबोटिक गुडघारोपण: यंत्र काय करतं, काय करत नाही आणि कुठे फसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६८, दोन्ही गुडघे झिजलेले, पाय धनुष्यासारखे बाहेर बाकलेले. सांधारोपणाला पर्याय नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. रुग्णालय म्हणतं रोबोटिक करा, दर गुडघ्यामागे सव्वा लाख जास्त लागतील. मग रोबोट नक्की काय करतो, तो चुकला तर काय होतं, आईला नंतर मांडी घालून बसता येईल का, आणि हे जादा पैसे द्यावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सर्जनचा हात गुडघ्यांवर बसलेला असेल आणि पैसे जड जात असतील, तर नेहमीच्या पद्धतीने करून घ्या, आईचं त्यात काही नुकसान नाही. पैशाची अडचण नसेल आणि त्याच सर्जनने रोबोटवरही पुष्कळ गुडघे केलेले असतील, तर रोबोटला हरकत नाही. फक्त यंत्र बघून सर्जन निवडू नका. असं का म्हणतो ते कळायला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काय चालतं ते बघावं लागेल.

गुडघारोपण हे मुळात सुतारकाम आहे. मांडीच्या हाडाच्या टोकाला पाच काप, नडगीच्या माथ्यावर एक. प्रत्येक ठिकाणी साधारण ८-९ मिलीमीटर हाड काढायचं आणि तेवढ्याच जाडीचा धातू किंवा प्लास्टिक तिथे बसवायचं. प्रश्न असतो कापाच्या कोनाचा. खुब्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य जोडणारी जी रेघ, तिच्यावरून शरीराचा भार जातो, आणि काप त्या रेघेच्या हिशेबाने घ्यायचे असतात. पण टेबलावर निर्जंतुक कापडाखाली झाकलेला खुबा दिसत नाही. नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब रॉड सरकवतात, त्या रॉडशी ५ ते ७ अंशांचा कोन धरून जिग (करवतीसाठी फट असलेला साचा) लावतात आणि जिगच्या फटीतून करवत चालवतात. लाखो गुडघे असेच झाले आहेत आणि वीस-वीस वर्षं चालले आहेत. मांडीचं हाडच वाकडं असलं, जुन्या फ्रॅक्चरची प्लेट किंवा रॉड आत असला, तर मात्र ही पद्धत अडते. तिथे रॉड घालायला जागा नसते, किंवा रॉडच वाकड्या वाटेने जातो.

रोबोट हा रॉड काढून टाकतो आणि त्याच्या जागी कॅमेरा आणतो. बाकी करवत, सिमेंट, टाके सगळं तेच.

सगळे रोबोट एकाच जातीचे नसतात, आणि माहितीपत्रकात हा फरक सहसा नसतो. स्ट्रायकर कंपनीच्या माकोमध्ये करवत यंत्राच्या हाताला बसवलेली असते, पण ती चालवतो सर्जन. ठरवलेल्या हद्दीबाहेर पातं जाऊ लागलं की हात आडमुठा होतो आणि करवत थांबते. झिमर बायोमेटच्या रोझामध्ये यंत्राचा हात फक्त जिग अचूक जागी धरून ठेवतो, फटीतून करवत सर्जन नेहमीसारखीच चालवतो. स्मिथ अँड नेफ्यूची 'कोरी' हातात धरायची असते. तिचं टोक हाड घासत जातं आणि हद्दीला पोचलं की आत ओढलं जातं किंवा फिरायचं थांबतं. कोरियाच्या क्युविससारखी यंत्रं पूर्ण स्वयंचलित असतात. पाय घट्ट बांधून ठेवायचा, यंत्र स्वतः हाड कोरतं, आणि सर्जन थांबवायचं बटण हातात घेऊन उभा राहतो. या शेवटच्या जातीचा पूर्वज म्हणजे रोबोडॉक. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये त्याने पहिल्यांदा माणसाच्या मांडीच्या हाडात खुब्याच्या सांध्यासाठी पोकळी कोरली. म्हणजे ही कल्पना जाहिरातीत भासवतात तितकी नवी नाही.

दुसरा फरक सीटी स्कॅनचा. माको आणि क्युविसला ऑपरेशनआधी खुब्यापासून घोट्यापर्यंत सीटी लागतो. त्यावरून हाडाचं त्रिमितीय मॉडेल बनतं आणि सर्जन आदल्या दिवशीच इम्प्लांटचा (कृत्रिम सांध्याचा) साइज आणि कापांचा पहिला आराखडा ठरवतो. कोरी किंवा डीप्यूची वेलिस सीटीशिवाय चालते. तिथे मॉडेल टेबलावरच, हाडावर पॉइंटर (यंत्राला जागा दाखवायची सळई) फिरवून बनवतात. सीटीवाल्या पद्धतीचा फायदा वेड्यावाकड्या हाडात दिसतो, साध्या गुडघ्यात फारसा नाही. सीटी काढताना आईला एवढंच सांगा की पाय अजिबात हलवायचा नाही. मधेच पाय हलला तर खुबा एका स्थितीतला आणि घोटा दुसऱ्या स्थितीतला असं मॉडेल तयार होतं, आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो.

आता ओटीत. भूल दिली, पाय धुतला, ड्रेप (निर्जंतुक कापडं) लावले. मांडीच्या हाडात दोन पिना आणि नडगीत दोन पिना ड्रिलने घालतात. पिनेची जाडी ३ ते ४ मिलीमीटर. त्यावर ॲरे बसतो, म्हणजे एक छोटा सांगाडा आणि त्यावर परावर्तक गोळ्या. दीड-दोन मीटरवर उभा असलेला इन्फ्रारेड कॅमेरा या गोळ्या बघतो. कॅमेऱ्याला हाड दिसत नाही, फक्त गोळ्या दिसतात. हाड कुठे आहे याचं यंत्राचं सगळं ज्ञान या चार पिनांवर टांगलेलं आहे.

म्हणून पिना हा किरकोळ भाग समजू नका. म्हाताऱ्या बायकांची हाडं ठिसूळ असतात, पीन एका बाजूच्या टणक थरात नुसती अडकली तर हळूहळू सैल होते. ती दोन्ही बाजूंच्या टणक थरांत रुतायला हवी. आकडे करून बघा. पीन सांध्यापासून १० सेंटीमीटरवर आहे आणि ॲरे जेमतेम १ अंश फिरला, तर सांध्यापाशी यंत्राची समजूत सुमारे पावणेदोन मिलीमीटरने चुकते. कोणी मदतनिसाने वाकताना कोपर लावलं तरी एवढं होतं. पडद्यावर मात्र सगळे आकडे पूर्वीसारखेच झळकत राहतात.

यावर उपाय म्हणजे चेकपॉइंट. हाडात आणखी एक छोटा खिळा ठोकतात आणि पॉइंटरचं टोक त्याच्यावर टेकवून यंत्राला सांगतात, हा बिंदू इथे आहे. प्रत्येक कापाआधी पुन्हा त्याच खिळ्यावर टोक टेकवायचं. जागा जुळली तर ॲरे हलला नाही. जुळली नाही तर थांबायचं आणि रजिस्ट्रेशन नव्याने करायचं. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि घाईत सगळ्यात आधी हेच वगळलं जातं. शेवटी हे खिळे आठवणीने काढायचे असतात, सिस्टरच्या मोजणीत पिनांबरोबर त्यांचीही नोंद लागते, नाहीतर ते हाडातच राहून जातात आणि एक्स-रेत सापडतात.

रजिस्ट्रेशन म्हणजे मॉडेल आणि खरं हाड यांची गाठ मारणं. सगळ्या ऑपरेशनचा जीव यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी खुब्याचा मध्य. सर्जन मांडी धरून गोल गोल फिरवतो, कॅमेरा ॲरेचा मार्ग टिपतो आणि त्या गोलाचा केंद्रबिंदू काढतो. मांडी फिरवताना कंबर उचलली गेली किंवा खुबा मुळात आखडलेला असला तर केंद्र सरकतं. मांडीचं हाड ४० सेंटीमीटर धरलं तर खुब्याचा मध्य १ सेंटीमीटर बाजूला समजला गेल्याने कोनात जवळपास दीड अंशाची चूक होते. मग घोट्याची दोन हाडं, आतलं आणि बाहेरचं, पॉइंटरने दाखवायची. पायाला सूज असेल, बँडेजचा थर जाड असेल तर तिथेही टोक भलतीकडे टेकतं.

त्यानंतर गुडघा. माकोमध्ये प्रत्येक हाडावर ४० बिंदू टिपायचे असतात. पडद्यावर एकेक ठिपका दिसतो, सर्जन पॉइंटर त्या जागी नेतो, पॅडल दाबतो, पुढचा ठिपका. इथे एक बारकावा आहे आणि नवशिके त्यातच फसतात. सीटीत कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) दिसत नाही, मॉडेल हाडाच्या पृष्ठभागाचं असतं. म्हणून पॉइंटरचं टोक अणकुचीदार असतं आणि ते कूर्चेतून खुपसून हाडाला टेकवायचं असतं. कूर्चा ज्या बाजूला शाबूत आहे, म्हणजे बाकलेल्या गुडघ्यात बहुधा बाहेरच्या बाजूला, तिथे तिची जाडी २ मिलीमीटर असू शकते. टोक वरच्यावर ठेवलं तर यंत्राला वाटतं हाड २ मिलीमीटर वर आहे. सीटीशिवायच्या पद्धतीत नेमकं उलट: तिथे कूर्चेचाच पृष्ठभाग मॉडेल बनतो, त्यामुळे टोक रुतलं तर मॉडेलमध्ये खड्डा पडतो. दोन कंपन्यांची यंत्रं आलटून पालटून वापरणाऱ्याने ही सवय डोक्यात वेगळी ठेवावी लागते.

बिंदू संपले की पडताळणी. यंत्र काही नवे बिंदू दाखवतं, टोक टेकवायचं, फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आत हवा. एखाद्या बिंदूवर फरक जास्त निघाला तर सगळं मोडून नव्याने टिपावं लागतं. पाच मिनिटं जातात. ती जाऊ द्यावीत. चुकीची गाठ मारलेला रोबोट डगमगत नाही, तो चुकीच्या जागी सुरेख सरळ काप घेतो, आणि पडद्यावर सगळं हिरवं असतं. जिगने काम करणारा सर्जन निदान डोळ्यांनी शंका घेतो. पडद्याकडे बघणारा पुष्कळदा घेत नाही.

मग येतो तो भाग ज्यासाठी मला रोबोट खरोखर उपयोगी वाटतो: लिगामेंटचा, म्हणजे हाडांना जोडून धरणाऱ्या पट्ट्यांचा, तोल. गुडघा सरळ केल्यावर आणि ९० अंशात वाकवल्यावर, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला हाडांमध्ये किती जागा उरेल, हे चार आकडे काप घेण्याआधी पडद्यावर दिसतात. जिगच्या पद्धतीत हे काप घेतल्यावर स्पेसर (ठरावीक जाडीचा ठोकळा) घालून कळतं, आणि कापलेलं हाड परत चिकटवता येत नाही.

एक उदाहरण घेऊ, आईसारख्याच बाकलेल्या गुडघ्याचं. आधी कडेचे हाडाचे काटे काढून टाकायचे, कारण ते आतल्या लिगामेंटला तंबूच्या काठीसारखं ताणून धरतात आणि आकडे खोटे येतात. मग पाय १० अंशांच्या आसपास वाकवून आतून-बाहेरून ताण द्यायचा. समजा सरळ पायात आत १५ आणि बाहेर १९ मिलीमीटर आले, वाकवल्यावर आत १८ आणि बाहेर २०. म्हणजे सरळ पायात आतली बाजू घट्ट. जुनी रीत म्हणजे आतलं लिगामेंट हाडावरून सोडवत जायचं. रोबोटवर आधी कापाच्या कोनाने प्रयत्न करतात. नडगीचा काप आतल्या बाजूला २ अंश झुकवला की आतली जागा दोन्ही स्थितींत पावणेदोन मिलीमीटरच्या आसपास वाढते, कारण सांध्याच्या दोन कप्प्यांच्या मध्यांमधलं अंतर सुमारे ५ सेंटीमीटर असतं. मांडीच्या हाडाच्या टोकाचा काप त्याच दिशेने १ अंश झुकवला तर आतली जागा आणखी जेमतेम १ मिलीमीटर वाढते, पण फक्त सरळ स्थितीत. आता सरळ पायात आत साडेसतराच्या पुढे, बाहेर १९. वाकवल्यावर आत पावणेवीस, बाहेर २०. टोकाचा काप सगळीकडून १ मिलीमीटर जास्त घेतला की सरळ पायात आत साडेअठराच्या वर आणि बाहेर २०. चारही आकडे दीड मिलीमीटरच्या पट्ट्यात आले आणि एकही लिगामेंट कापावं लागलं नाही. बाहेरची बाजू किंचित सैल राहिली तर चालतं, नैसर्गिक गुडघाही तसाच असतो.

पाय यात पूर्ण सरळ होत नाही, ३ अंश बाक राहतो. तो राहू द्यावा की पूर्वीच्या शिकवणुकीप्रमाणे रेघ शून्यावर आणावी, यावर सर्जनमंडळींत अजून जोरदार वाद आहे. आपल्याकडे बऱ्याच लोकांची नडगी तरुणपणापासूनच थोडी बाकलेली असते. अशा पायाला बळेच शून्यावर आणलं की आतलं लिगामेंट नको तितकं सोडवावं लागतं. माझा कल ३ अंशांपर्यंत बाक ठेवण्याकडे आहे, त्यापुढे नाही. हा निर्णय यंत्र घेत नाही. यंत्र विचारतं, सर्जन सांगतो.

आणि इथेच एक कच्चा दुवा आहे, ज्याबद्दल कंपनीचा माणूस बोलत नाही. गॅपचा, म्हणजे हाडांमधल्या जागेचा, आकडा पडद्यावर अर्ध्या मिलीमीटरपर्यंत येतो, पण तो येताना लिगामेंटला ताण किती दिला होता? बहुतेक ठिकाणी ताण हातानेच देतात. एका मदतनिसाने जोरात ओढलं तर १९, दुसऱ्याने हलकं धरलं तर १७. ताण मोजून देणारी उपकरणं काही यंत्रांबरोबर येतात, सगळ्यांबरोबर नाही. म्हणून मोजमाप दोनदा, शक्यतो एकाच हाताने, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत करायचं असतं.

काप घेताना काय बिघडतं? बाकलेल्या गुडघ्यात आतल्या बाजूचं हाड वर्षानुवर्षं घासून हस्तिदंतासारखं टणक झालेलं असतं. करवतीचं पातं पातळ, ते टणक भागावर पोचलं की वर उचललं जातं आणि वाकतं. यंत्राला करवतीची मूठ कुठे आहे ते माहीत असतं, पात्याचं टोक किती वाकलं ते नसतं. म्हणून पडद्यावर ० आणि हाडावर दीड अंश असं होऊ शकतं. उपाय साधा आहे: नवं पातं, सावकाश पुढे-मागे, सलाईनची धार चालू, आणि काप झाला की त्यावर सपाट पट्टी ठेवून कोन पुन्हा मोजायचा. एक अंशापेक्षा जास्त फरक असला तर काप सुधारायचा. कितीजण मोजतात हा प्रश्न वेगळा.

हद्दीबद्दलही एक गैरसमज आहे. यंत्राची हद्द हाडाच्या मॉडेलवरून आखलेली असते. गुडघ्याच्या मागची धमनी, वाटीचा स्नायुबंध, आतलं लिगामेंट यातलं काहीही त्याला दिसत नाही. ही अंगं रिट्रॅक्टरने बाजूला धरायचं काम मदतनिसाचंच. रिट्रॅक्टर सरकला आणि लिगामेंट हद्दीच्या आत आलं तर करवत ते कापेल.

कॅमेऱ्याचे त्रास किरकोळ पण वैताग आणणारे. परावर्तक गोळीवर रक्ताचा थेंब उडाला की यंत्राला ती दिसत नाही, ओल्या गॉजने पुसायचं. मदतनिसाचं डोकं मधे आलं की काम ठप्प. यंत्राचा पाया एकदा नोंदवल्यावर कोणी धक्का देऊन हलवला तर ती नोंद नव्याने. आणि वीज गेली, संगणक अडकला, तर? तेव्हा साधी जिग निर्जंतुक करून ट्रॉलीवर तयार असली पाहिजे, आणि ती वापरता येणारा सर्जन समोर हवा. फक्त रोबोटवरच शिकलेली पिढी येऊ घातली आहे, त्यांच्याबाबतीत मला याची काळजी वाटते.

यानंतर रोबोट बाजूला सरकवतात, आणि उरलेलं सगळं हातानेच होतं. वाटीचा मागचा भाग बदलायचा असेल तर कॅलिपरने जाडी मोजून, १२-१३ मिलीमीटर हाड शिल्लक ठेवून, हाताने. सिमेंटही हाताने. अर्ध्या अंशाच्या अचूकतेने घेतलेला काप सिमेंटमध्ये वाया घालवता येतो. नडगीवर बसवलेल्या धातूच्या पट्टीखाली एका बाजूला सिमेंटचा जाड थर राहिला की पट्टी एक-दोन अंश तिरकी बसते. हाडावर चरबी आणि रक्त राहिलं तर सिमेंट छिद्रांत शिरत नाही आणि काही वर्षांनी सांधा सैल होतो. म्हणून काप संपल्यावर प्रेशरच्या सलाईनने हाड धुऊन कोरडं करायला जी दोन-तीन मिनिटं जातात, ती माझ्या मते रोबोटइतकीच मोलाची आहेत.

ऑपरेशननंतरचा एक धोका फक्त पिनांमुळे येतो. पिनेच्या भोकातून हाडाला तडा जाणं क्वचित होतं, पण होतं, आणि ते काही आठवड्यांनी, चालायला लागल्यावर होतं. गुडघा बरा आहे पण मांडीत किंवा नडगीच्या मधोमध नव्याने दुखायला लागलं तर व्यायाम चालू ठेवू नका, एक्स-रे काढा, आणि तो फक्त गुडघ्याचा नको, पिनेची जागा दिसेल असा हवा. हाडाच्या मधल्या नळीपेक्षा सांध्याजवळच्या रुंद भागात पीन घातली तर हा धोका कमी होतो. पिनेच्या जखमेतून पाणी येत राहिलं तरी दाखवायचं.

मग या सगळ्याने फायदा होतो का? कोन अचूक येतात, यात शंका नाही. नेहमीच्या पद्धतीत ठरवलेल्या कोनापासून ३ अंशांच्या बाहेर जाणारे गुडघे रोबोटवर कमी होतात. पण रुग्णाला कोन जाणवत नाही, त्याला दुखणं जाणवतं. लंडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोबोटवाल्यांना सुरुवातीचं दुखणं कमी होतं आणि ते लवकर घरी गेले. पण त्यात आधी ४० रुग्ण जिगने आणि नंतरचे ४० रोबोटने असे एकाच सर्जनने केलेले होते, चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. दक्षिण कोरियात चिठ्ठ्या टाकून, किमान १० वर्षं पाठपुरावा करून केलेला मोठा अभ्यास २०२०मध्ये आला, रोबोडॉकच्या गुडघ्यांचा. गुडघ्याचं काम, सांधा सैल होणं, सांधा टिकणं या सगळ्यांत रोबोट आणि जिग सारखेच निघाले. रोबोडॉक जुनं यंत्र, त्यात आजच्यासारखा गॅपचा हिशेब नव्हता, हे खरं. पण नव्या यंत्रांना दहा वर्षं पुरी व्हायची आहेत, तोवर 'जास्त टिकतो' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ते विक्रीचं बोलणं समजा.

अर्ध्या गुडघ्याच्या रोपणाची गोष्ट निराळी. तिथे एकच कप्पा बदलतात, चुकीला वाव फार कमी असतो, आणि तिथे रोबोटची अचूकता जास्त कामी येते. आईचा फक्त आतलाच कप्पा झिजलेला असेल आणि पुढचं क्रूसिएट लिगामेंट (गुडघ्याच्या आतल्या दोन फुलीसारख्या लिगामेंटांपैकी पुढचं) शाबूत असेल, तर अर्धा गुडघा चालेल का हे जरूर विचारा. पाय फार बाकलेला असला तर बहुधा नाही म्हणतील. मांडीच्या हाडाला जुनी प्लेट असेल, जुळताना वाकडं झालेलं हाड असेल, तर मीही रोबोटचाच सल्ला देईन.

पैशाचं आता. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सेटची ती जीएसटीशिवाय ५४,७२० रुपये होती. पुढे त्यात थोडेफार बदल होत गेले. रोबोटच्या वापराचं शुल्क या मर्यादेत येत नाही, आणि रुग्णालयाची गणितं तिथेच जमतात. यंत्राचा हप्ता, देखभालीचा वार्षिक करार, दर रुग्णामागे लागणारे ड्रेप, पिना, गोळ्या, पातं हे सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय बरीच यंत्रं फक्त आपल्याच कंपनीचा सांधा बसवतात. म्हणजे रोबोट निवडला की इम्प्लांटही निवडला गेला. विमा असेल तर पॉलिसी काढून बघा: विमा नियामकाच्या २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांत आधुनिक उपचारांच्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया होती, आणि त्यानुसार कंपनी ती सरसकट नाकारू शकत नव्हती, पण त्यावर वेगळी मर्यादा घालू शकत होती. ती मर्यादा किती आहे ते भरती होण्याआधी लेखी घ्या, डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळू देऊ नका.

सर्जनना भेटाल तेव्हा यंत्राचं मॉडेल विचारण्यात वेळ घालवू नका. या यंत्रावर तुम्ही स्वतः किती गुडघे केलेत, ते विचारा. पहिल्या काही डझनांत वेळ जास्त लागतो. ऑपरेशन मधेच यंत्र बंद पडलं तर काय करता, ते विचारा; उत्तर चटकन आलं पाहिजे. रोबोटशिवाय माझ्या आईचा गुडघा तुम्ही कराल का, हेही विचारा. 'करेन, आणि चांगलाच होईल' म्हणणाऱ्याकडे निर्धास्त जा, रोबोटने किंवा रोबोटशिवाय. ॲरे बसवण्यापासून पडद्यावरचे आकडे हलवण्यापर्यंतचं काम कंपनीचा टेक्निशियन करणार असेल आणि सर्जन फक्त करवत धरणार असेल, तर मी दुसरीकडे जाईन.

राहिला तुमचा एक मुद्दा, मांडी घालून पाटावर बसता येईल का. ऑपरेशनआधी आईचा गुडघा किती वाकतो, यावर तो नंतर किती वाकेल हे सर्वात जास्त अवलंबून असतं. आज ९० अंशांत अडकत असेल तर नंतर साधारण ११०-१२० मिळाले तरी चांगले, आणि ते पहिल्या सहा आठवड्यांच्या व्यायामातून मिळतात. जिना, खुर्ची, कमोड यांना तेवढं पुरतं. जमिनीवर बसण्याची सवय सोडायला सांगा, रोबोटने केलं असलं तरी. आणि दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचे की तीन महिन्यांच्या अंतराने, हे हृदयाचा २-डी इको, हिमोग्लोबिन आणि भूलतज्ज्ञाचं मत बघून ठरतं. त्यासाठी भूलतज्ज्ञाची वेगळी वेळ घ्या.